श्रवणाची जागा

कर्जतहून कोंदिवड्याला यावे, उल्हास नदीच्या खोऱ्यातून राजमाचीची पायवाट धरावी, म्हणजे घाटमाथ्याच्या बऱ्याच खाली, झाडीत दडलेली कोंडाण्याची लेणी लागतात. इसवीसनापूर्वीच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातली ही बौद्ध लेणी. त्यांतला चैत्य दारापासून पाठीमागच्या अर्धवर्तुळापर्यंत सुमारे ६६ फूट लांब, २६ फुटांहून थोडा अधिक रुंद आणि कमानीच्या माथ्यापर्यंत २८ फूट उंच आहे. दर्शनी भाग नीट पाहिला तर दगडात लाकूड कोरलेले दिसते. कठड्याच्या पट्ट्या, जाळ्या, तुळयांची पुढे आलेली टोके, सगळे सुताराने जोडावे तसे पाथरवटाने कोरले आहे. आतले बरेच खांब तुटले आहेत, कमानीला एके काळी असलेल्या लाकडी फासळ्याही गेल्या. पावसाळ्यात वरच्या कड्यावरून पाणी थेट लेण्याच्या तोंडावर कोसळते आणि सगळी पोकळी त्या आवाजाने भरून जाते. दर्शनी भागाच्या एका कडेला यक्षमूर्तीचा झिजलेला अवशेष आहे आणि त्यावर ब्राह्मी अक्षरांतली एक ओळ. कान्ह नावाच्या गुरूचा शिष्य बलक याने हे घडवले, एवढेच ती सांगते. शिष्यासाठी तिथे योजलेला शब्द आहे अंतेवासी, म्हणजे जवळ राहणारा. गुरूच्या जवळ राहायचे ते मुख्यतः ऐकण्यासाठी. बौद्ध परंपरेत शिष्याला श्रावक म्हणतात आणि तिथल्या सुत्तांचा आरंभच ऐकल्याच्या कबुलीने होतो. कोंडाण्यात आज कोणी काही म्हणत नाही. ऐकण्यासाठी कोरलेली जागा तेवढी शिल्लक आहे.

लता मंगेशकर यांनी गायलेली आणि हृदयनाथ मंगेशकर यांनी स्वरबद्ध केलेली ‘ज्ञानेश्वर माउली’ ही ध्वनिमुद्रिका हा या लेखाचा विषय आहे, आणि तिच्यापर्यंत कोंडाण्याच्या वाटेने येण्याला कारण आहे. एका गायिकेने वाद्यवृंदाच्या साथीने प्राचीन अध्यात्माचे चिंतन करावे, असा मराठीतला हा सर्वांत मोलाचा प्रयत्न. पण त्याच्याकडे पाहिले जाते ते दोनच नजरांनी. भावगीताच्या रसिकाला त्यात गोड चाली दिसतात. सांप्रदायिक भजन करणाऱ्याला त्यात सजवलेले आणि म्हणून थोडे पातळ झालेले भजन दिसते. माझे म्हणणे असे की ही ध्वनिमुद्रिका या दोहोंत बसत नाही. श्रवणाचा तो एक स्वतंत्र प्रकार आहे. नवविधा भक्तीत श्रवणाचा मान पहिला आहे, कीर्तन त्यानंतर येते, ही गोष्ट आपण गाणाऱ्या मुलखात राहिल्यामुळे विसरून गेलो आहोत. अशा प्रकाराची किंमत वाद्ये किती आणि कशी वाजली यावर ठरत नाही. वाद्यांनी गळ्याभोवती किती जागा मोकळी ठेवली यावर ती ठरते. हे म्हणणे तपासायला कर्जत-खालापूरचा मुलूख सोयीचा आहे, कारण इथे प्राचीन अध्यात्माचे तीन थर जवळजवळ सापडतात. एक लेण्यांतला, दुसरा ठाकरवाड्यांतल्या डोंगरदेवांचा आणि तिसरा गावोगावच्या भजनी मंडळांतला. अध्यात्म कुठे राहते आणि काय घेऊन दुसरीकडे जाऊ शकते, याचा हिशेब या तिघांना शेजारी ठेवल्याशिवाय लागत नाही.

आधी ऐकण्याबद्दल. आपल्या जुन्या ग्रंथांनी ऐकणे हे मोठे काम मानले आहे. गीता मुळातच ऐकलेली आणि ऐकवलेली गोष्ट. कृष्ण अर्जुनाला सांगतो, पण आपल्यापर्यंत ते पोचते संजयाच्या तोंडून, आणि संजय ते एका आंधळ्या राजाला ऐकवत असतो. ज्याला रणांगण दिसत नाही त्याच्यासमोर बसून केलेले हे कथन आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, त्याच गीतेवर ज्ञानेश्वरांनी मराठीत टीका सांगितली तेव्हाही समोर श्रोते होते आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते. नवव्या अध्यायाची सुरुवातच श्रोत्यांनी अवधान द्यावे या विनवणीने होते. सहाव्या अध्यायात तर शब्दांच्या गोडीपायी इंद्रियांचे आपसांत भांडण लागते. पुस्तक उघडून डोळ्यांनी ज्ञानेश्वरी वाचायची सवय आपल्याला पुष्कळ नंतर लागली. या बाजूने पाहिले तर ध्वनिमुद्रिका ही ज्ञानेश्वरांच्या जगात उपरी वस्तू वाटत नाही. फक्त तिला पुरेसा वेळ हाताशी असायला हवा होता, आणि तो सुरुवातीला नव्हता. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटे मावत. तेवढ्यात अभंग बसवायचा म्हणजे सुरुवातीचा वाद्यमेळ आटोपता घ्यायचा, चरण गाळायचे आणि शेवटाकडे धावायचे. लाँगप्ले तबकडी आली आणि एका बाजूला वीसेक मिनिटे मिळू लागली. मग एकाच कवीच्या रचना एका क्रमाने, एका मनःस्थितीतून दुसरीत जात, सलग ऐकवणे शक्य झाले. ‘ज्ञानेश्वर माउली’ घडली ती या शक्यतेतून. ती सुट्या गाण्यांचा संग्रह म्हणून ऐकली की अर्धीच ऐकली जाते, आणि आज मोबाइलवर बहुतेक वेळा ती तशीच ऐकली जाते, हे तिचे दुर्दैव.

पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप भजनी मंडळांकडून येतो. खालापूर तालुक्यातल्या एखाद्या गावचा हरिनाम सप्ताह डोळ्यांसमोर आणा. पखवाज्या मांडी घालून बसतो आणि आधी कणीक मळायला घेतो. ओल्या कणकेचा गोळा पखवाजाच्या डाव्या पुडीवर थापायचा, बोटांनी कडेकडेने पसरायचा, थाप मारून पाहायची, जास्त झाला तर थोडा काढायचा. तो गोळा नेमका बसला की खर्जाचा तो खोल आवाज उमटतो, आणि तो उमटेपर्यंत कोणी घाई करत नाही. टाळकरी समोरासमोर दोन रांगांत उभे राहतात. एकाने चाल धरली की ओळ इकडून तिकडे जाते, तिकडून परत येते, लय हळूहळू चढते, आणि अर्ध्या तासाने गाणारा कोण आणि ऐकणारा कोण हा भेदच राहत नाही. आक्षेप असा की अभंग हा असा चालतो. त्याला श्रोता नसतो, सगळे त्यात असतात. त्यातून एकच आवाज उचलायचा, तो स्टुडिओच्या काचेआड उभा करायचा आणि बाकीच्यांना खुर्चीत बसवायचे, हे वारकरी विचाराच्या उलट नाही का? आक्षेप खरा आहे, आणि नामाच्या अभंगांपुरता तो मला पूर्ण मान्य आहे. नामाचा गजर वाद्यवृंदावर घातला की तो नुसता भरजरी होतो, त्यातला घाम निघून जातो. पण ज्ञानेश्वरांच्या गाथेत एक निराळाच प्रांत आहे, विराण्यांचा. तिथे बोलणारी एक स्त्री आहे आणि ती एकटी आहे. ती कावळ्याला शकुन विचारते, ढग आणि वारा तिला सोसवत नाहीत, चंदनही पोळते, दारी लावलेली वेल वाढून फुलली तरी वाट पाहणे संपत नाही. या बाईचे बोलणे वीस पुरुषांनी टाळांच्या गजरात म्हटले तर भक्ती होते, त्यात शंका नाही, पण तिचे एकटेपण हरवते. रचना ज्या आवाजात लिहिली गेली तो आवाज स्त्रीचा आणि एकलाच आहे. लताबाईंच्या गळ्याने त्या विराण्यांना त्यांची मूळ बोलणारी परत मिळवून दिली. आणि एकट्या माणसाभोवती जग असतेच, किंबहुना एकट्यालाच ते जास्त जाणवते. ढग, वारा, अंगण, गंध हे त्या बाईचे जग. व्हायोलिनचा समूह आणि बासरी तिथे सजावट म्हणून येत नाहीत, ते हे जग होऊन येतात. म्हणून विराणीला वाद्यवृंद शोभतो आणि नामाच्या अभंगाला शोभत नाही. ‘ज्ञानेश्वर माउली’चा भर विराणीकडे आणि चिंतनाकडे आहे, आणि माझ्या मते तिच्या यशाचे अर्धे श्रेय रचनांच्या या निवडीला आहे.

दुसरा आक्षेप वाद्यांच्या परकेपणाचा. व्हायोलिन, चेलो ही साहेबांची वाद्ये, त्यांचा तेराव्या शतकातल्या आळंदीशी काय संबंध? याचे सोपे उत्तर असे की पेटीही साहेबांचीच. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीने हार्मोनियमला मज्जाव केला होता, पण त्या तीस वर्षांत कर्जत-खालापुरातल्या एकाही देवळातून कोणी पेटी बाहेर काढली नाही. लोकांनी जे वाद्य कामाला लावले ते त्यांचे झाले. पण या सोप्या उत्तरावर थांबू नये, कारण वाद्य परके नसले तरी त्याची विचार करण्याची पद्धत परकी असू शकते. मुंबईच्या स्टुडिओंतला वाद्यवृंद मुख्यतः गोव्याच्या वादकांनी उभा केला. चर्चच्या शाळांत ते नोटेशन शिकले होते, अनेक स्वर एकाच वेळी वाजवून त्यांचा गुच्छ करणे हा त्यांचा धर्म होता. आपल्याकडचा स्वर एकामागून एक येतो आणि तानपुऱ्याच्या षड्जाशी नाते सांगतो. या दोन पद्धती एकत्र कशा नांदतील, हा त्या पिढीचा खरा प्रश्न होता. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी तो फार मनावर घेतला होता. १९५८ साली त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या चौकात शंभराहून अधिक वादकांचा वाद्यवृंद बसवून रागांवर आधारलेल्या आपल्या रचना सादर केल्या, आणि त्यात गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. म्हणजे पूर्ण आकाराच्या वाद्यवृंदापुढे रागाचा स्वर सांभाळून उभे कसे राहायचे, याचा अनुभव लताबाईंच्या गाठीशी चित्रपटाबाहेरही होता.

आता ‘ज्ञानेश्वर माउली’त हा प्रश्न कसा सुटला ते पाहू. मोगऱ्याच्या वेलीचा जो प्रसिद्ध अभंग त्यात आहे, त्याची चाल गोरख कल्याणाच्या अंगाने जाते. गोरख कल्याणात गंधार वर्ज्य आहे आणि पंचमही जवळजवळ नावापुरता. पाश्चात्त्य पद्धतीत षड्जावर कॉर्ड उभी करायची तर षड्ज, गंधार आणि पंचम लागतात, आणि तिचा भाव ठरवतो गंधार. तो शुद्ध असला तर कॉर्ड मेजर, कोमल असला तर मायनर, म्हणजे ढोबळमानाने एक उजळ आणि एक उदास. गंधारच काढून घेतला तर वाद्यवृंदाला हा निवाडा षड्जावर करताच येत नाही. आनंद की दुःख हे तो ऐकणाऱ्याला आधीच सांगून मोकळा होत नाही, त्याला थांबावे लागते, मध्यम-धैवताच्या आधाराने तरंगत राहावे लागते. वेल फुलली आहे, फुले वेचावी तितकी वाढत आहेत, हे सांगणाऱ्या मनाला सुखी म्हणावे की व्याकूळ, हे त्या अभंगातही सुटत नाही. तो न सुटलेला भाव रागाने जपला आणि वाद्यवृंदाच्या घाईपासून वाचवला. या रागाच्या नावात गोरख आहे आणि ज्ञानेश्वरांची गुरुपरंपरा गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ अशी येते. हा मेळ योगायोगाचा असेल. पण राग निवडताना संगीतकाराच्या मनात कवितेची घडण पक्की होती, याबद्दल चाल ऐकणाऱ्याला शंका राहत नाही. प्राचीन आशयासाठी प्राचीन वाद्ये हवीत असे नाही. त्या आशयाचे काय सुटलेले नाही ते कळायला हवे आणि ते न सोडवता ठेवण्याची शिस्त हवी.

ही शिस्त हृदयनाथांकडे आली कुठून, याचा माग त्यांच्या तालमीत लागतो. ते उस्ताद अमीर खाँ यांचे गंडाबंध शागीर्द. अमीर खाँ साहेबांची गायकी म्हणजे अतिविलंबित लय, झुमऱ्याची लांबलचक आवर्तने आणि दोन स्वरांमध्ये जीव लावून थांबणे. त्या गायकीत पोकळी हीसुद्धा सामग्री असते. चित्रपटाच्या वाद्यवृंदाची सवय याच्या उलट, कारण तिथे रिकामी राहिलेली मात्रा वाया गेली असे मानतात. हृदयनाथांनी वाद्यवृंद चित्रपटाचा घेतला आणि मोकळी जागा उस्तादांची घेतली. इथे मला कोंडाण्याचा पाथरवट आठवतो. घर बांधताना एकावर एक रचत जातात, लेणे कोरताना काढत जातात. डोंगर आधीच भरलेला असतो, त्यातून दगड काढला की बसायला आणि ऐकायला जागा होते. वाद्यवृंदही आधीच भरलेला असतो. साठ हात वाजवायला तयार बसलेले असतात. त्यांच्याकडून चिंतन घडवायचे तर संगीतकाराला काढत जावे लागते. ‘ज्ञानेश्वर माउली’त हे सगळीकडे सारखे साधले आहे असे मी म्हणणार नाही. दोन कडव्यांमधल्या काही जागी व्हायोलिनचा समूह चित्रपटाच्या सवयीने भरून येतो आणि शब्दाचा पडसाद मनात निवण्याआधीच पुढचे वळण घेतो. तरी एकंदर तोल काढण्याकडेच आहे. लताबाईंचा गळाही त्याला साथ देतो. भाव दाखवण्यासाठी तो आवाज कापरा होत नाही, हुंदका आणत नाही, शब्द स्वच्छ ठेवून बाजूला होतो.

याच भावंडांच्या गीतागायनाशी तुलना केली की हा मुद्दा स्पष्ट होतो. बारावा आणि पंधरावा हे अध्याय प्रत्येकी वीस श्लोकांचे, त्यांचे उच्चार आणि त्यांचा संथ ओघ यांना मराठी घरांत मोठा मान आहे. पण मला ते गायन ‘ज्ञानेश्वर माउली’च्या पायरीचे वाटत नाही. श्लोकाचा साचा पुन्हा पुन्हा तोच येतो, तिथे चालीला फारसे वळण घेता येत नाही आणि वाद्ये श्लोकाच्या मागेमागे चालत राहतात. श्लोकाच्या पुनरावृत्तीलाच रचनेचा पाया करायचा मार्ग निराळ्या माणसाने शोधला. फिलिप ग्लास या अमेरिकन संगीतकाराचा ‘सत्याग्रह’ हा ऑपेरा १९८० साली रॉटरडॅमला झाला. विषय गांधीजींचा दक्षिण आफ्रिकेतला लढा, पण गायले जाणारे शब्द सगळे गीतेतले आणि संस्कृतातच. त्या वाद्यवृंदातून ग्लासने पितळी वाद्ये आणि तालवाद्ये पार काढून टाकली. त्याचेही काम काढण्यानेच सुरू झाले.

पण वाद्यवृंदाला पेलणार नाही असेही काही असते, आणि ते या मुलखातच दिसते. १९७७ साली ‘जैत रे जैत’ हा चित्रपट आला. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, उषा मंगेशकरांची निर्मिती, ना. धों. महानोरांची गाणी आणि संगीत पुन्हा हृदयनाथांचे. मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. कथा ठाकरांची आहे. भगताचा मुलगा नाग्या, त्याचा ढोल, लिंगोबाचा डोंगर आणि तिथली राणी माशी. कर्जत आणि खालापूर तालुक्यांत डोंगरांच्या पायथ्याशी आणि सोंडांवर ज्या ठाकरवाड्या आहेत, त्या याच समाजाच्या. ल. ना. चापेकरांनी १९६० साली ‘ठाकूर्स ऑफ द सह्याद्री’ हे पुस्तक लिहून या समाजाची नीट नोंद केली होती, तरी शहरी मराठी कानाला ठाकर माहीत झाले ते या गाण्यांनीच. त्यांची गोडी आजही ओसरलेली नाही. पण गाणी लिहिणारा कवी मराठवाड्यातला, चाली बांधणारा मुंबईचा, आणि प्रमुख गायकांत ठाकर कोणी नाही. मग हे कोणाचे अध्यात्म? या आक्षेपाला मी बगल देणार नाही. ज्ञानेश्वरांची विराणी शब्दांत राहते. शब्द आळंदीहून निघतो, बोरघाट उतरतो, खोपोलीत म्हटला जातो, मुंबईत मुद्रित होतो आणि तरी तोच राहतो. ठाकरांचा देव शब्दांत राहत नाही. तो समोरच्या डोंगरातच असतो, त्या विशिष्ट डोंगरात, त्याच्या कड्यात, त्याच्या मधात. तो डोंगर तबकडीवर उचलून आणता येत नाही. म्हणून ‘जैत रे जैत’ची गाणी ही ठाकरांच्या श्रद्धेचे गायन आहे असे म्हणू नये. बाहेरच्या माणसांनी त्या श्रद्धेकडे आदराने पाहून केलेले ते एक सुंदर काम आहे, आणि एवढेच म्हणण्यात त्याचा मानही राहतो.

या फरकाकडे दुर्लक्ष केले की काय होते, ते १९ जुलै २०२३ च्या रात्री दिसले. खालापूर तालुक्यात इरशाळगडाच्या कुशीत वसलेल्या इरशाळवाडीवर दरड कोसळली. ठाकरांची वस्ती, वर जायला धड रस्ता नाही, मशिनरी चढवता येईना, पाऊस थांबेना. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे बेपत्ता राहिली आणि चार दिवसांनी शोध थांबवण्यात आला. ज्या डोंगराकडे आपण गाण्यातून देव म्हणून पाहत आलो, त्या डोंगराखाली राहणाऱ्यांना तो किती जवळचा आणि किती धोक्याचा आहे, हे त्या आठवड्यात महाराष्ट्राला कळले. गाण्यावर त्याचा ठपका ठेवणे चुकीचे होईल. पण एखाद्या समाजाचे अध्यात्म आपल्याला प्रिय असेल तर त्याच्या घराखालची जमीनही आपल्या काळजीचा विषय असली पाहिजे, हे तरी गाणे ऐकणाऱ्याने मान्य करावे.

तिसरा आक्षेप बाजाराचा. अध्यात्म विकले जाते, शांतता पाकिटात घालून मिळते, ध्यानाचे संगीत म्हणून मंद सुरांची दुलई अंगावर घातली जाते. कर्जतच्या आजूबाजूला फार्महाऊस आणि शनिवार-रविवारची शिबिरे वाढली आहेत, तिथे असे संगीत सतत मागे वाजत असते. ‘ज्ञानेश्वर माउली’ही त्याच माळेतली एक का मानू नये? बाजारातून आली म्हणून वस्तू खोटी ठरत नाही, हे आधी म्हणायला हवे. पोलंडच्या हेन्रिक गुरेत्स्कीने १९७६ साली आपली तिसरी सिम्फनी लिहिली. एक स्त्रीस्वर, संथ तंतुवाद्ये, आणि एका भागाचे शब्द म्हणजे गेस्टापोच्या कोठडीच्या भिंतीवर अठरा वर्षांच्या मुलीने कोरलेली प्रार्थना. डॉन अपशॉ यांच्या आवाजातले तिचे मुद्रण १९९२ साली आले आणि दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. खप झाला म्हणून त्या भिंतीवरची प्रार्थना हलकी झाली नाही. फरक खपाचा नाही, मागणीचा आहे. दुलईसारखे संगीत ऐकणाऱ्याकडे काही मागत नाही. विराणी अवधान मागते. शब्द जुन्या मराठीतले, अर्थ चटकन न उलगडणारा, भाव न सुटलेला, त्यामुळे मागे लावून ठेवली तर ती नुसती गोड वाटते आणि निसटून जाते.

तरी ध्वनिमुद्रिकेने खरोखर नुकसान केल्याचे उदाहरण याच घराण्यातून देता येते, आणि ते द्यायला हवे. लताबाई आणि उषाताईंच्या आवाजातल्या गणपतीच्या आरत्या गणेशोत्सवात मांडवामांडवांतून वाजतात. खालापूर तालुक्यातल्या महडचा वरदविनायक हा अष्टविनायकांतला एक. १७२५ साली रामजी महादेव बिवलकरांनी तिथले देऊळ बांधले आणि १८९२ पासून तिथे नंदादीप तेवत आहे असे सांगतात. अशा मुलखात आरती ही तोंडाने म्हणायची, बेसूर झाली तरी सगळ्यांनी मिळून म्हणायची गोष्ट. स्पीकरवर तबकडी लागली की माणसे नुसत्या टाळ्या वाजवतात, दोन पिढ्यांनी तिसरे-चौथे कडवे पाठ असणे सोडून दिले. इथे ध्वनिमुद्रिकेने कीर्तनाची जागा घेतली, आणि ती तिची जागा नव्हती. श्रवणासाठी घडवलेली मुद्रिका असे करत नाही, कारण ती ऐकताना कोणाला बरोबर गाताच येत नाही. ती लोकांच्या तोंडचे काही काढून घेत नाही. सप्ताहातले भजन तिच्यामुळे कुठे बंद पडलेले नाही, आणि बंद पडणार असेल तर त्याची कारणे दुसरी आहेत. शहराकडे गेलेली तरुण माणसे, विकलेल्या जमिनी, गावातच न राहिलेले टाळकरी.

लेणे, वाडी आणि देऊळ पुन्हा शेजारी ठेवून पाहिले तर कोंडाण्यात जागा उरली आणि शब्द गेले, ठाकरवाडीत देव आणि जागा एकमेकांपासून सुटत नाहीत, आणि वारकऱ्यांचा शब्द पायी चालत कुठल्याही जागेत राहायला तयार असतो. त्या शब्दाला स्टुडिओतही राहता आले, कारण तिथे एका संगीतकाराने त्याच्यासाठी जागा कोरून ठेवली आणि एका गायिकेने ती आपल्या आवाजाने भरून टाकली नाही.

कार्तिकात देवळांतून काकडा सुरू असतो. थोड्याच दिवसांनी रायगडातल्या दिंड्या खोपोलीहून बोरघाट चढून आळंदीकडे निघतात. कार्तिक वद्य त्रयोदशी हा माउलींच्या समाधीचा दिवस. ज्यांना चालता येते त्यांनी चालावे, ज्यांच्या गावात भजन आहे त्यांनी टाळ हातात घ्यावा. ज्यांच्या हातून यांतले काहीच होणार नाही, त्यांनी त्या संध्याकाळी घरातला टीव्ही बंद करावा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि ‘ज्ञानेश्वर माउली’ पहिल्या रचनेपासून शेवटच्या रचनेपर्यंत, मध्ये न उठता, एकदा पूर्ण ऐकावी.